कडक भाकरी भिजवणारा कावळा: गच्चीवर बसून प्राण्यांची अक्कल कशी बघायची, आणि बघितल्यावर काय करायचं

आमच्या गच्चीवर एक कावळा येतो, त्याला कडक भाकरी कोरडी चालत नाही. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, कडक भाकरी म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची पापडासारखी पातळ, कडकडीत वाळलेली भाकरी, बरेच दिवस टिकते आणि दात धड नसतील तर आमटीत चुरल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. तर हा कावळा तुकडा उचलतो, पाण्याच्या परळात टाकतो, मान तिरकी करून थोडा वेळ उभा राहतो, मग तुकडा काढतो आणि खातो. आमचे आजोबा दात गेल्यावर हेच करायचे, फक्त पाण्याच्या जागी आमटी.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी धावत खाली आलो आणि घरात सगळ्यांना सांगितलं की आपला कावळा अवजार वापरतो. ते चूक होतं. कावळा हुशार आहे यात वादच नाही, पण मी बघितलं ते अवजार वापरणं नव्हतं, आणि हा फरक कळायला मला दोन उन्हाळे, एक अख्खी वही आणि घरच्यांची बरीच चेष्टा एवढं सगळं लागलं. तुमचे तेवढे दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय. मी शास्त्रज्ञ नाही, गच्ची असलेला माणूस आहे.

एकच प्राणी धरा, आणि वेळ ठरवून टाका

सुरुवातीला मी सगळंच बघायला गेलो, कावळा पण, साळुंकी पण, खार पण, समोरच्या बोळातली शेळी पण, आणि महिन्याभराने वहीत सगळ्याचं थोडंथोडं आणि कशाचंच धड नाही अशी अवस्था झाली. एकच घ्या. माझं मत विचाराल तर कावळाच घ्या कारण तो रोज येतो, फुकट येतो आणि माणसाला घाबरत नाही पण विश्वासही ठेवत नाही, त्यामुळे डोकं चालवतो. मानेला राखाडी पट्टा असेल तो घरकावळा, अख्खा काळा आणि चोच जाडजूड असेल तो डोमकावळा. दोघांची नोंद वेगळी ठेवा, मी आधी ठेवली नव्हती, सहा आठवड्यांचं काम वाया गेलं.

वेळ सकाळची सहा ते आठ. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहितीय, दहानंतर गच्चीवर कावळा सोडा, कपडे वाळत घालायला पण कोणी जात नाही. कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणा, दोन बोटं पाणी, सावलीच्या कोपऱ्यात, आणि पाणी रोज बदला. खायला कडक भाकरीचे चार तुकडे किंवा बिनमिठाच्या दहाबारा शेंगा, बास. शेंगाचटणी कितीही प्रेमाने द्यावीशी वाटली तरी देऊ नका, तिखटमीठ आपल्यासाठी आहे. आणि पोटभर घालू नका, तुम्ही निरीक्षण करताय, पंगत वाढत नाहीये.

पितृपक्षात मात्र सुरुवात करू नका. त्या पंधरा दिवसात गल्लीगल्लीत खीर-वडे पडलेले असतात, तुमच्या भाकरीकडे कोण बघतंय. दहाव्याला कावळा शिवत नाही म्हणून माणसं तासतास ताटकळतात ना, मला आता वाटतं त्यातली निम्मी अडचण ही असते की पंचवीस माणसं एकाच पिंडाकडे डोळे लावून बसलेली असतात आणि कावळ्याला आपल्याकडे टक लावून बघणारा माणूस आवडत नाही. हे मी एकदा घरात बोललो, नंतर बोललो नाही.

वहीत क्रियापद लिहा, कौतुक नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून इथे जरा थांबतो. माझ्या वहीतली पहिल्या आठवड्यातली नोंद अशी आहे: "आज कावळ्याने मस्त डोकं लावलं, भाकरी मऊ करून खाल्ली, एकदम माणसासारखा." याच्यातून काहीही कळत नाही. तिसऱ्या महिन्यातली बघा: "६.४०. घरकावळा, एकटा. तुकडा चोचीत, परळापर्यंत चालत. पाण्यात टाकला. नऊ आकडे मोजले. काढला, पायाखाली धरला, तोडला. दुसरा तुकडा, परत तेच. तिसरा तुकडा कोरडाच घेऊन उडाला, साळुंकी आली होती."

दुसऱ्या नोंदीत कावळ्याच्या मनात काय चाललंय हे मी एका शब्दानेही सांगितलेलं नाही, पण वाचणाऱ्याला जास्त कळतं. भिजवण्यासाठी थांबतो, घाई असेल तर थांबत नाही. आणि न जमलेलंही लिहायचं. दहा वेळा तुकडा पाण्यात टाकला आणि चार वेळा तो बुडाशी जाऊन हाताला, म्हणजे चोचीला लागला नाही, तर ते चार पण लिहा. आपण फक्त जमलेलं लक्षात ठेवतो आणि मग तेच सगळ्यांना सांगत सुटतो.

एक शिस्त अजून. "हुशार", "लबाड", "बिचारा" हे शब्द वहीच्या मागच्या पानावर, तिथे कितीही लिहा. पुढच्या पानांवर बंदी.

अवजार कशाला म्हणायचं

आमच्या शेजारी अण्णा राहतात, आयुष्य यंत्रमागावर गेलं त्यांचं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हातात धरलं आणि त्यानं काम झालं तर हत्यार, नाहीतर नुसती वस्तू." गंमत म्हणजे बेंजामिन बेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८० मध्ये प्राण्यांच्या अवजारांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यातली व्याख्या साधारण हीच आहे, फक्त लांबलचक. मी ती गच्चीवर चालेल अशी केलीय. वस्तू प्राण्याच्या अंगाबाहेरची हवी. ती मोकळी किंवा हलवता येणारी हवी. प्राण्याने ती स्वतः धरलेली किंवा हाताळलेली हवी. आणि तिच्यामुळे दुसऱ्या कशात तरी, किंवा त्याच्या स्वतःच्या अंगावर, काही फरक पडायला हवा.

आता माझा कावळा लावून बघा. पाणी त्याने धरलेलं नाही, भाकरी पाण्याकडे नेली. म्हणजे अवजार नाही. शेळी विजेच्या खांबाला अंग घासते, खांब जमिनीत पुरलेला, अवजार नाही. पण ऑस्ट्रियातली वेरोनिका नावाची गाय, जिच्यावरचा पेपर २०२६ च्या जानेवारीत आला, ती दांड्याचा ब्रश तोंडात धरून पाठ खाजवते, आणि पाठीला ब्रशची बाजू, पोटाखालच्या मऊ जागेला दांड्याची बाजू असा फरक करते, हे अवजार आहे, चारही अटी पूर्ण. गायी आपण हजारो वर्षं पाळतोय, पण हे असं नीट तपासून लिहिलेलं आत्ता आलं, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

घरटं? या व्याख्येत बसत नाही. आमच्याकडे कावळे मागाच्या कारखान्यांच्या आसपासचं सूत आणि तारेचे तुकडे घेऊन घरटं करतात, बघायला भारी आहे, पण ते बांधकाम झालं. यावर भांडणारे लोक आहेत आणि मला त्यांचं थोडं पटतं पण, कारण सुगरणीचा खोपा बघून "हे अवजार नाही म्हणजे कमी दर्जाचं" असं म्हणायची कोणाची छाती होईल. व्याख्या ही मोजायला असते, मार्क द्यायला नाही.

मोठी उदाहरणं थोडक्यात सांगतो, म्हणजे पट्टी कुठे आहे ते कळेल. १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेला जेन गुडाल यांनी एका चिंपांझीला गवताची काडी वारुळात घालून वाळव्या ओढून खाताना बघितलं. त्यांनी त्याचं नाव डेव्हिड ग्रेबियर्ड ठेवलं होतं. तोपर्यंत अवजार बनवणारा एकटा माणूस असं पुस्तकात लिहिलेलं असायचं. न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे काड्यांचे आकडे करून लाकडातल्या अळ्या काढतात, हे १९९६ मध्ये नीट छापून आलं. आपल्याजवळचं बघायचं तर कर्नाटकातल्या नागरहोळेत हत्ती माशा हाकलायला फांदी वापरतात, आणि फांदी फार मोठी असेल तर सोंडेने आणि पायाने तोडून बेताची करून घेतात, त्याचा अभ्यास २००१ मध्ये आला. इथे महत्त्वाचं हे की ते फांदीत बदल करतात. सापडलेली काडी वापरणं एक, आणि काडी कामाजोगी करून घेणं दुसरं, वहीत हे वेगळं लिहा.

नंदीबैल तपासणी

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. लहानपणी दारात नंदीबैल यायचा, "पाऊस पडेल का रं?" आणि बैल मान हलवायचा. आम्ही पोरं थक्क. पुढे कळलं की मालकाच्या हातातली दोरी, ढोलकीचा ठेका, काहीतरी खूण असते.

जर्मनीत शंभर वर्षांपूर्वी नेमकं असंच झालं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, पाय आपटून उत्तर सांगायचा. १९०४ मध्ये तर त्याच्यासाठी समिती बसली आणि समितीलाही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या माणसाने साध्या गोष्टी करून बघितल्या: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर? घोड्याला विचारणारा दिसतच नसेल तर? दोन्ही वेळा हान्सचं गणित गडबडलं. उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, अंग सैल पडायचं, घोडा ते बघून थांबायचा. आणि हान्सच्या मालकाला हे खरंच माहीत नव्हतं, नंदीबैलवाल्याला माहीत असतं एवढाच फरक.

मला विचाराल तर घोडा यात हुशारच ठरला, माणसाच्या मानेची एवढीशी हालचाल टिपणं ही काय कमी गोष्ट आहे का, पण ती हुशारी गणिताची नव्हती.

तर तुमच्या गच्चीवर काय करायचं: तुम्ही तिथे नसताना बघा. मोबाईल विटेला टेकवून व्हिडिओ चालू ठेवा आणि खाली जाऊन चहा प्या. कुठल्या वाटीखाली शेंग ठेवलीय हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्या आणि तुम्हाला सांगू नका म्हणावं. माझ्या कुत्र्याला "बोट दाखवलेली वाटी कळते" असं मी वर्षभर सांगत होतो, बहिणीने मला पाठ करून उभं केलं आणि कुत्रं मधोमध बसून राहिलं. का बे, म्हटलं, इज्जत काढलीस.

आणि दुसरी बाजू: साधं कारण पुरत असेल तर मोठं कारण लावायचं नाही, हा नियम लॉइड मॉर्गन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १८९४ मध्येच सांगून ठेवलाय. तो पाळा पण त्याचा अतिरेक नको, काही लोक याच नियमाने प्रत्येक प्राण्याला चावीचं खेळणं करून टाकतात.

तहानलेल्या कावळ्याचा प्रयोग घरी करायचा असेल तर

गोष्ट सगळ्यांनी शाळेत वाचलीय, माठात खडे टाकून पाणी वर आणणारा कावळा. २००९ मध्ये केंब्रिजच्या अभ्यासकांनी खरंच हे करून बघितलं, पण कावळ्याच्या भाऊबंदातल्या रूक नावाच्या पक्ष्यावर. चारही पक्ष्यांनी नळीत दगड टाकून तरंगणारी अळी वर आणली, आणि मोठे दगड आधी वापरायला शिकले. मात्र त्यांना नळीत दगड टाकायची सवय आधीच्या एका प्रयोगात लागलेली होती, हे लोक सांगायचं विसरतात. म्हणून तुमच्या गल्लीतला कावळा पहिल्या दिवशी खडे टाकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

तरी करायचंच असेल तर लोणच्याची काचेची उंच बरणी घ्या, तोंड एवढं अरुंद की चोच जाईल पण डोकं जाणार नाही. बरणी विटांमध्ये पक्की बसवा, नाहीतर कावळा ती सरळ आडवी करतो, आणि तो मार्ग खडे टाकण्यापेक्षा जास्त शहाणपणाचा आहे हे मान्य करावं लागतं. दोन तृतीयांश पाणी, वर सालासकट शेंग टाका, ती तरंगते. शेजारी सुपारीएवढे खडे. पाण्याचा दुसरा परळ बाजूला भरलेला असलाच पाहिजे, तहान लावून प्रयोग करायचा नाही, कधीच नाही, हे सोलापूर आहे.

माझा निकाल सांगतो. एकोणीस दिवस, शून्य खडे. कावळा बरणीच्या काठावर बसला, शेंगेकडे बघितलं, माझ्या खिडकीकडे बघितलं आणि ओरडला. नवव्या दिवशीपासून तो खिडकीकडे बघून ओरडतोय आणि मी जाऊन शेंग काढून देतोय असं झालं. अण्णा म्हणाले, "त्यानं अवजार वापरलं की. तूच आहेस ते." व्याख्येत बसत नाही पण मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. हाच पाण्याचा प्रयोग लहान पोरांवर पण झालाय बरं का, आठ वर्षांची पोरं पहिल्याच दमात सोडवतात, त्याहून लहानांना पक्ष्यांसारखाच सराव लागतो.

अजून एक सावधगिरीची गोष्ट. २००२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये बेट्टी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि खाऊची बादली वर काढली, जगभर बातमी, तिने तिथल्या तिथे शोध लावला म्हणून. पुढे २०१६ मध्ये कळलं की तिच्या जातीचे रानातले कावळे काड्या वाकवतातच, म्हणजे ती सवय तिच्या अंगातच असू शकते. बेट्टी यामुळे बावळट ठरत नाही. एका पक्ष्याचं एकदाचं बघून लगेच निकाल द्यायचा नाही एवढंच.

गच्ची नसेल तर मुंग्या

फ्लॅटवाल्यांसाठी. बाटलीच्या टोपणात गुळाचं पाणी ठेवा, शेजारी बारीक माती आणि वाळलेल्या पानाचे कण. काही जातीच्या मुंग्या पातळ खाण्यात मातीचे किंवा पानाचे कण टाकतात, ते भिजले की उचलून वारुळात नेतात, म्हणजे स्पंजसारखं वापरतात, कारण पोटात मावतं त्यापेक्षा जास्त असं नेता येतं. आता इथे फसायची जागा आहे. मुंग्या चिकट जागेवर माती टाकून बुजवतातही, पाय अडकू नयेत म्हणून. मग दोन्हींत फरक कसा ओळखायचा? भिजलेला कण उचलून नेला का ते बघा. नेला तर अवजार, तिथेच सोडला तर नुसता भराव. भिंग आणि तासभर वेळ लागतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या मुंग्यांनी फक्त भराव घातला, तुमच्या कदाचित जास्त शिकलेल्या असतील.

हे करू नका

माकडांना खायला घालून त्यांची हुशारी बघू नका. माकड हुशार आहेच, तुमच्या हातातली पिशवी म्हणजे खाणं हे त्याला एका दिवसात कळतं आणि पुढच्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी ओढली जाते, मग लोक दगड घेतात आणि पिंजरा लावा म्हणून अर्ज करतात. सगळ्याची सुरुवात तुमच्या केळ्याने झालेली असते. नान्नजला माळढोक अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याचे नियम पाळा, काळवीट किंवा लांडगा दिसला तर गाडी माळरानात घालू नका, तो प्राणी तुमच्यापासून पळताना काय करतो यातून त्याची अक्कल कळत नाही, फक्त भीती कळते.

कावळ्याच्या घरट्याजवळ तर अजिबात जाऊ नका, उन्हाळ्यात त्यांची पिल्लं असतात. एक तर डोक्यात टोच बसेल. आणि ते लक्षात ठेवतात. सिॲटलला जॉन मार्झलफ यांच्या टीमने २००६ मध्ये गुहेतल्या आदिमानवाचा मुखवटा घालून थोडे कावळे पकडले आणि सोडून दिले, पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा घालून कोणीही गेलं की कावळे कलकलाट करायचे, आणि जे पकडलेच नव्हते तेही करायचे, एकमेकांचं बघून. एवढा चेहरा ओळखणारा पक्षी कोकिळेची अंडी मात्र आपलीच समजून उबवतो. हे मला फार आवडतं. अक्कल ही एक गाठोडं नसते, कशात असते, कशात नसते, आपली पण तशीच आहे.

बरं, मग संरक्षण कोणाला

आता वहीचा खरा उपयोग. आधी एक घरातली गोष्ट सांगतो.

भवानी पेठेत माझ्या आत्याकडे पिंजऱ्यात मिठू होता. आपला साधा, गळ्याला लाल पट्टा असलेला पोपट. त्याला पिंजऱ्याची कडी काढता यायची. चोचीने आणि जिभेने ती कडी वर ढकलायचा, दार उघडून बाहेर यायचा, पिंजऱ्याच्या टपावर बसून हिरवी मिरची खायचा आणि परत आत जायचा. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो, पाहुणे आले की करून दाखवायला लावायचो. मग एक दिवस मांजर आलं, वाचला, आणि आत्याने कडीला तार गुंडाळली. पुढचे काही महिने तो दिवसभर त्या तारेशी खटपट करत बसायचा. नंतर ते सोडलं आणि छातीची पिसं उपटायला लागला. आत्याने हळद लावली, मारुतीला नारळ फोडला. आत्याचं प्रेम होतं त्याच्यावर, याबद्दल शंका नको. मला आता माहितीय की पिंजऱ्यातले पोपट ताणाने आणि कंटाळ्याने असं करतात, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

तर माझं मत असं झालंय. संरक्षण मिळायला हुशारीची परीक्षा लावू नये, दुखतं एवढं पुरे आहे. ती परीक्षा लावली की कोंबडी नापास, म्हैस काठावर पास, कावळा फर्स्ट क्लास, आणि पेपर काढणारे आपणच. पण कशापासून वाचवायचं हे मात्र हुशारीवरून कळतं. कडी काढता येणाऱ्याला कडी लावणं ही वेगळी शिक्षा आहे.

कायद्यात बघितलं तर आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव, एवढी साधी व्याख्या आहे. ब्रिटनला खेकडे आणि ऑक्टोपस कायद्यात आणायला २०२२ चा नवीन कायदा करावा लागला, आपल्या व्याख्येत खेकडा पहिल्यापासून बसतो. पण दंड? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयात धड शेंगाचटणी येत नाही. त्यामुळे गंभीर प्रकार असेल, प्राणी मारला किंवा लुळा केला असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ चा उल्लेख तक्रारीत करा, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यतींच्या निकालात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं सांगितली, भूक-तहानेपासून, भीती-ताणापासून, गैरसोयीपासून, इजा-आजारापासून, आणि पाचवं, आपल्या जातीला साजेसं वागायचं स्वातंत्र्य. शर्यतींचं पुढे काय झालं ते वेगळं, राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ मध्ये कोर्टाने ते बदल मान्य केले. पण ते पाचवं वाचा परत. जातीला साजेसं वागणं म्हणजे काय हे कोण सांगणार? ज्याने बसून बघितलंय तो. म्हणून वही.

नुसत्या हुशारीने कुलूप उघडत नाही हेही खरं. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातली हॅपी नावाची हत्तीण २००६ मध्ये आरशातल्या स्वतःला ओळखते असं दिसलं, आणि २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की माणसासारखी सुटकेची याचिका तिला लागू होत नाही. आपल्याकडे २०१३ मध्ये डॉल्फिनचे खेळ करायला परवानगी नाकारली तेव्हा सरकारी पत्रकात डॉल्फिनच्या बुद्धीचा मुद्दा होता. नांदणीच्या जैन मठातली हत्तीण गुजरातला हलवली त्यावरून २०२५ ला कोल्हापुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, मी त्यात पडत नाही, माझी वही कावळ्याची आहे.

प्रत्यक्ष करायच्या गोष्टी आता पटापट. आपल्याकडचे पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. घरात असेल तर घाबरून एकदम उडवून देऊ नका, वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला उडता येत नाही, कुत्रं-मांजर खातं. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करून सोपवा. माकडाचा, अस्वलाचा खेळ १९९८ पासून बंद आहे, दिसला तर त्याच नंबरवर कळवा, मदाऱ्याला मारहाण करू नका, तो पण पोटासाठीच करतोय. कावळा, वटवाघूळ, उंदीर हे पूर्वी वन्यजीव कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी म्हणून होते, २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं, त्यामुळे "कावळा काय, कोणीही मारा" असं सांगणाऱ्याला हे सांगा. नायलॉन मांजावर हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे, तरी मिळतो, झाडाला लटकलेला दिसला तर काढून तुकडे करून टाका. जखमी पक्षी सापडला तर खोक्यात, अंधारात, वर भोकं पाडून ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि फोन करा. तक्रार देताना वहीतली नोंद जशी आहे तशी द्या, तारीख, वेळ, काय झालं. "अमानुष छळ" असलं काही लिहू नका, "सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत उन्हात बांधलेला, पाणी नाही" लिहा. पहिल्याला कोणी विचारत नाही, दुसऱ्याला निदान उत्तर द्यावं लागतं.

आणि हो, मृग लागला की बरणी आणि परळ दोन्ही उचलून आत ठेवा. मी पहिल्या वर्षी विसरलो, बरणीत डासाच्या अळ्या झाल्या, महापालिकेच्या ताई डेंग्यूच्या तपासणीला आल्या आणि सगळ्या गल्लीसमोर विचारलं की हे काय लोणचं घातलंय का. कावळा तेव्हा टाकीवर बसून बघत होता. नोंद केली नाही.